दिबू मार्टिनेझ नेटवर एवढा का चालतो? खेळामुळे की त्या नाचामुळे?

मध्यरात्रीचा_प्रेक्षक (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज धागा काढतोच. विषय अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझ, म्हणजे दिबू.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, पण अख्खी मॅच बसून बघितलीय असं फारसं होत नाही, जे काय बघतो ते रील्समध्येच. परवा त्याने मला दिबूचा तो पेनल्टी अडवल्यानंतरचा नाच करून दाखवला, हुबेहूब, मग ती 'मिरा के ते कोमो' वाली ओळ पण म्हणून दाखवली, आणि वर्ल्ड कपनंतर ट्रॉफी कंबरेखाली धरून केलेला तो अचकट हावभाव करायला निघाला तेव्हा ताईने डोळे वटारले. मी विचारलं, अरे ही पेनल्टी कोणाविरुद्ध होती? माहीत नाही. कुठल्या स्पर्धेत? माहीत नाही. तो खेळतो कुठल्या क्लबकडून? तेही नाही. म्हणाला, "पण मामा हा भारीये, हा समोरच्याला येडा करून टाकतो."

मला कसंतरीच झालं. अर्जेंटिनाची २०१४ ची वर्ल्ड कप फायनल मी जागून बघितलीय, ११३ व्या मिनिटाला जर्मनीच्या गोट्झेने गोल मारला तेव्हा टीव्ही बंद करायचं पण भान नव्हतं. मग २०१५ आणि २०१६, लागोपाठ दोन्ही वर्षी कोपा अमेरिकाची (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) फायनल चिलीकडून पेनल्टीवर हरलो. शूटआऊट, म्हणजे बरोबरीनंतर पेनल्टी मारून निकाल, लागली की पोटात गोळा यायचा. आणि हा माणूस गोलमध्ये आल्यापासून अर्जेंटिनाने मोठ्या स्पर्धांत चार शूटआऊट खेळल्या, २०२१ ला कोलंबिया, २०२२ ला नेदरलँड्स आणि फ्रान्स, २०२४ ला इक्वेडोर, चारही जिंकल्या. आता शूटआऊट लागली की मी सोफ्यावर टेकून बसतो, हे आधी स्वप्नात पण शक्य नव्हतं.

तर प्रश्न असा, की ह्याला नेटवर जे काही प्रेम मिळतंय (आणि शिव्या पण) ते गोलकीपर म्हणून मिळतंय का निव्वळ चाळ्यांमुळे? आणि चाळ्यांमुळे असेल तर त्यात त्याचं किंवा आपलं काही नुकसान होतंय का? मनापासून विचारतोय. भाच्याला काय सांगू ते मला कळलं नाही.

काठावरचा_कीपर

मी कॉलेजमध्ये चार वर्षं गोलकीपर होतो, खूप मोठ्या लेव्हलला नाही, पण पेनल्टीसमोर उभं राहिलं की काय वाटतं ते माहितीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिबू व्हायरल झाला ती तारीख सांगता येते. ६ जुलै २०२१, ब्राझिलिया शहर, कोपाची सेमीफायनल, कोलंबिया, १-१, मग शूटआऊट. त्या वर्षीची कोपा खरं तर कोलंबिया आणि अर्जेंटिनात व्हायची होती, ती ऐन वेळेला ब्राझीलला गेली, आणि कोविडमुळे स्टेडियम रिकामं ठेवलं होतं. इथेच सगळं आलं. एरवी शूटआऊटमध्ये हजारो लोकांच्या आरडाओरड्यात गोलकीपर काय बोलतो ते पंचाला पण नीट ऐकू येत नसेल. त्या दिवशी मैदानाकडेच्या माईकमधून त्याचा शब्द न् शब्द टीव्हीवर आला. कोलंबियाचा येरी मीना किक मारायला आला तर हा त्याला सांगतोय की तू नर्व्हस आहेस, बघ हां मी तुला खातो. आणि खाल्लं. दाविन्सन सांचेझ, मीना, कार्दोना, तिघांच्या पेनल्टी अडवल्या.

म्हणजे गोलकीपर असं बोलतात हे काही नवीन नव्हतं, आम्ही पण बोलायचो. जगाला ते स्पष्ट ऐकू आलं, हे नवीन होतं.

आता 'चाळे' ह्या शब्दाबद्दल. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. बॉल ११ मीटरवर. जोरात मारला तर अर्ध्या सेकंदाच्या आत जाळीत. तेवढ्या वेळात बघून, ठरवून, मग उडी मारून कोपऱ्यात पोचणं माणसाच्या शरीराला जमत नाही, त्यामुळे गोलकीपरला आधीच अंदाज बांधून निघावं लागतं. वर २०१९ पासून नियम असा की किक मारेपर्यंत निदान एक पाय लाईनवर पाहिजे. मग गोलकीपरच्या हातात उरतं काय? किकच्या आधीचा वेळ. मारणारा मध्यरेषेपासून चालत येतो, बॉल ठेवतो, मागे जातो, शिट्टीची वाट बघतो, तो अर्धा-एक मिनिट. दिबू त्या अर्ध्या मिनिटात काम करतो. बॉल नीट स्पॉटवर ठेवलाय का म्हणून पंचाला विचारणार, पुढे येणार, मागे जाणार, बोलणार, थांबवणार. ज्याने मनात एक कोपरा पक्का करून ठेवलाय त्याला अजून चार सेकंद विचार करायला लावणार. बस एवढंच पाहिजे असतं.

२०२२ च्या वर्ल्ड कप फायनलला फ्रान्सचा चुआमेनी पेनल्टी मारायला येत होता तेव्हा ह्याने बॉल उचलून लांब भिरकावला. पोराला चालत जाऊन बॉल आणावा लागला, मग किक मारली ती पोस्टच्या बाहेर. रीलमध्ये फक्त बॉल फेकलेला दिसतो आणि लोक हसतात. मी ते बघताना हसलो नाही, माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि हे नुसतं माझं मत नाहीये, फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०२३ च्या जुलैपासून पेनल्टीच्या नियमात स्पष्ट लिहून टाकलं की गोलकीपरने किक मारणाऱ्याचं लक्ष अयोग्य रीतीने विचलित करायचं नाही, किक लांबवायची नाही, पोस्टला, बारला, जाळीला हात लावायचा नाही. मला तरी हे वाचून आधी दिबूच आठवला.

सायली_स्पॅनिशवाली

काठावरचा_कीपर यांना +१. मी थोडं भाषेबद्दल लिहिते कारण तो माझा प्रांत आहे, आणि ह्या क्लिपमध्ये भाषेचा वाटा फार मोठा आहे असं मला वाटतं.

'मिरा के ते कोमो, एर्मानो'. शब्दशः, 'बघ हां, खातो तुला, भावा'. गंमत म्हणजे मराठीत हे जसंच्या तसं बसतं, आपण पण 'खाऊन टाकीन' म्हणतोच की. 'मिरा' मधला जोर शेवटच्या अक्षरावर आहे, मिराऽ. स्पेनमधला माणूस पहिल्या अक्षरावर जोर देईल. अर्जेंटिनात 'तू'साठी 'वोस' वापरतात त्यामुळे आज्ञार्थ असा होतो, म्हणजे त्या एका शब्दावरून माणूस कुठला ते कळतं. आणि शेवटचं 'एर्मानो', भाऊ. धमकी देतोय आणि भाऊ म्हणतोय. तिथेच एकदा तर तो 'लो सिएन्तो' पण म्हणतो, म्हणजे सॉरी हं, पण खातो तुला. गल्लीत खेळताना मोठा भाऊ धाकट्याला दम देतो ना, तो सूर. म्हणून ती ओळ लोकांच्या तोंडात बसली. टी-शर्टवर आली, कपांवर आली, पोरं शाळेत एकमेकांना म्हणायला लागली.

टोपणनावाचं पण सांगते. 'दिबुहो' म्हणजे चित्र. अर्जेंटिनात नव्वदच्या दशकात टीव्हीवर एक मालिका होती, त्यात खऱ्या माणसांच्या कुटुंबात एक कार्टून मुलगा असतो, त्याचं नाव दिबू. मार्टिनेझ पोरगा असताना इंदिपेन्दिएन्ते क्लबच्या युवा टीममध्ये आला तेव्हा तो त्या कार्टूनसारखा दिसतो म्हणून सोबतच्यांनी हे नाव ठेवलं. म्हणजे ह्या माणसाला नेटने कार्टून केलं असं कोणी म्हणालं की मला आठवतं, नाव तर आधीपासून तेच होतं आणि त्याने ते प्रेमाने ठेवून घेतलं.

अजून एक निरीक्षण, पटतंय का बघा. मेस्सी २०२२ पर्यंत सतरा वर्षं अर्जेंटिनासाठी खेळला, किती गोल, किती जादू. पण अर्जेंटिनातल्या सामान्य माणसाच्या रोजच्या बोलण्यात त्याचं कुठलं वाक्य शिरलं? ९ डिसेंबर २०२२, नेदरलँड्सची मॅच संपल्यावर मुलाखत चालू असताना त्यांच्या वेगहोर्स्टकडे बघून म्हणालेलं 'के मिरास, बोबो'. 'काय बघतोस रे बावळटा'. बोबो ही काही मोठी शिवी नाही, शाळेतली मुलं देतात तेवढीच. पण तेच वाक्य रातोरात कपांवर, टोप्यांवर, टॅटूत. तिथे बऱ्याच लोकांना इतकी वर्षं वाटायचं की हा पोरगा तेराव्या वर्षी स्पेनला गेला, हा आपल्यासारखा नाही. त्या एका वाक्यातला त्याच्या गावचा, रोझारिओचा सूर ऐकला आणि तो त्यांचा झाला. दिबूचं पण तेच. लोकांनी आधी आवाज ओळखला.

नव्वदचा_साक्षीदार

सायलीताई, मुद्दा एकदम पटला, आणि ह्याला माझ्याकडे जुना पुरावा आहे.

२०१४ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, अर्जेंटिना-नेदरलँड्स, ०-०, शूटआऊट. अर्जेंटिनाचा गोलकीपर सर्जियो रोमेरोने दोन पेनल्टी अडवल्या, व्लार आणि स्नायडर. दोन! त्याच्यामुळे अर्जेंटिना चोवीस वर्षांनी फायनलला गेली. नंतर नेटवर कोणाचे मीम फिरले? टीममधल्या माशेरानोचे. कारण शूटआऊटच्या आधी माशेरानो रोमेरोला म्हणाला होता की आज तू हिरो होणार. ते वाक्य कॅमेऱ्यात आलं. अडवल्या रोमेरोने, व्हायरल झालं वाक्य, आणि वाक्य ज्याचं तो नेटचा हिरो. रोमेरो बिचारा काही बोललाच नाही.

आणि त्याच्याही मागे जा. १९९०, इटलीतला वर्ल्ड कप. अर्जेंटिनाचा पहिला गोलकीपर पुम्पिदोचा सोव्हिएत युनियनच्या मॅचमध्ये पाय मोडला आणि बेंचवरचा गोयकोचेआ आत आला. क्वार्टरफायनलला युगोस्लाव्हियाच्या दोन अडवल्या, सेमीला नेपल्समध्ये यजमान इटलीच्या दोन, दोनादोनी आणि सेरेना. मी तेव्हा शाळेत होतो, इटलीची मॅच संपल्यावर झोप लागली नव्हती. दिबूने २०२१-२२ ला जे केलं त्याच्या तोडीचं काम होतं ते. अर्जेंटिनात गोयको आजही देवासारखा. पण बाहेरच्या जगात आज किती पोरांना नाव माहितीये? त्याचं काही ऐकू आलं नाही कोणाला, नुसतं दिसलं, ते पण टीव्हीवर एकदाच.

म्हणून मला भाच्याचं वाईट वाटत नाही. आमच्याकडे गोयकोची एक पण क्लिप नव्हती, जे होतं ते आठवणीत आणि वर्तमानपत्रातल्या एका काळ्यापांढऱ्या फोटोत. त्याच्याकडे निदान सुरुवात तरी आहे.

रोझारिओची_चाहती

मी अर्जेंटिनाचीच फॅन आहे हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून काही जण मला फ्रान्सची फॅन ठरवतील.

मैदानावरचं बोलणं, वेळ काढणं, बॉल फेकणं, ते सगळं मला मान्य. कीपरदादांनी लिहिलंय ते बरोबर, तो त्याच्या कामाचा भाग आहे. पण धागाकर्त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकात घातल्यात आणि नेटवाले पण नेमकं तेच करतात. कोलंबियाच्या मॅचमधलं बोलणं वेगळं. आणि वर्ल्ड कप जिंकल्यावर, मॅच संपल्यावर, गोल्डन ग्लोव्हची (स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलकीपरची) ट्रॉफी तशी धरणं वेगळं. तिथे अडवायला कुठली पेनल्टी उरली होती?

आणि फ्रान्सच्या एमबापेचं तर मला अजूनही टोचतं. ड्रेसिंगरूममध्ये त्याच्या नावाने एक मिनिट शांतता पाळायला लावली, मग ब्यूनोस आयर्सच्या मिरवणुकीत बसवर उभं राहून एमबापेचा चेहरा चिकटवलेली बाहुली हातात. ज्या पोराने फायनलला तीन गोल मारले, वर शूटआऊटमधली पण मारली, आणि तरी हरला. मिरवणूक २० डिसेंबरला होती. एमबापेचा जन्म २० डिसेंबर १९९८. म्हणजे त्या दिवशी तो चोवीस वर्षांचा झाला. लाखो लोक रस्त्यावर, आनंद होता, सगळं समजतं, छत्तीस वर्षांनी कप आला होता. पण ते फोटो त्या दिवशी जगभर फिरले आणि त्या पोराने पण बघितले असणारच.

ह्याचा हिशोब पुढे झालाच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला सर्वोत्तम गोलकीपरची याशिन ट्रॉफी घ्यायला गेला तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, सूत्रसंचालन करणाऱ्या द्रोग्बाला लोकांना आवरावं लागलं. आयुष्यातला एवढा मोठा सन्मान आणि त्याच्या क्लिपमध्ये आवाज कसला, तर हुर्योचा. आणि २०२४ ला पुन्हा तेच, चिलीला हरवल्यावर कोपाच्या ट्रॉफीची प्रतिकृती घेऊन तोच हावभाव, मग कोलंबियाच्या मॅचनंतर कॅमेऱ्यावर हात मारला. फिफाने दोन मॅचची बंदी घातली. देशाच्या दोन मॅच हुकल्या. माझं म्हणणं एवढंच आहे की नेटला तो हावभाव हवा होता म्हणून तो पुन्हा आला असं मला वाटतं, आणि ज्याच्याकडे एवढं खरं कसब आहे त्याला ह्याची गरज नव्हती.

काठावरचा_कीपर

बाहुलीबद्दल मी पण बचाव करणार नाही. वाढदिवसाची तारीख लक्षात आली नव्हती, वाचून थांबलो एकदम.

फक्त हुर्योबद्दल एक. त्यानंतर २०२४ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या ऍस्टन व्हिला क्लबकडून तो लीलला मॅच खेळायला गेला, फ्रान्समध्येच, कॉन्फरन्स लीग ह्या युरोपातल्या क्लब स्पर्धेची क्वार्टरफायनल, आणि शूटआऊट. अख्खं स्टेडियम ह्याच्यावर ओरडतंय. आधी वेळ काढला म्हणून एक पिवळं कार्ड मिळालेलं, शूटआऊटमध्ये प्रेक्षकांना गप्प बसा म्हणून खूण केली तर दुसरं पिवळं. सगळ्यांना वाटलं गेला बाहेर. पण नियम असा आहे की मॅचमधलं पिवळं शूटआऊटमध्ये धरत नाहीत, तो तिथेच उभा राहिला, दोन अडवल्या आणि व्हिला ४-३ ने पुढे. तेव्हा नेटवर अर्धं जग हा नियम शोधत बसलं होतं.

ज्या आवाजाने भलेभले मोडतात त्यात हा अजून ताठ होतो.

गनर_जुना

सगळ्यांचं वाचलं. पण ह्या धाग्यात एक गोष्ट अजून कोणी बोललंच नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे २०१० ते २०२०.

मी लंडनच्या आर्सेनल क्लबचा फॅन. दिबू आमच्याकडे दहा वर्षं होता. दहा! मार देल प्लाताचा पोरगा, बंदराचं गाव, वडील मासळीच्या कामात, आई घरकामं करायची. इंदिपेन्दिएन्तेत असताना सतराव्या वर्षी आर्सेनलची ऑफर आली. त्यानेच नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की आई आणि भाऊ रडत होते, जाऊ नकोस म्हणत होते, पण बिलं भरता येत नाहीत म्हणून रात्री एकटेच रडणारे वडील त्याने बघितले होते, म्हणून तो हो म्हणाला. इंग्रजी येत नाही, एकटा, लंडन.

आणि मग काय? लोन, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडे खेळायला पाठवणं. ऑक्सफर्ड, शेफिल्ड वेन्सडे, रॉदरहॅम, वुल्व्हज, तिकडे स्पेनमध्ये हेताफे, परत येऊन रेडिंग. दर वर्षी नवीन गाव, नवीन ड्रेसिंगरूम, आणि बहुतेक ठिकाणी बेंच. आम्हा आर्सेनलच्या लोकांना पण तो नीट आठवायचा नाही, खोटं कशाला बोलू. गोलकीपर म्हणून पीटर चेक आला, ओस्पिना होता, लेनो आला, हा आपला तिसरा-दुसरा. त्या दहा वर्षांत ह्याची एक तरी क्लिप कोणी शेअर केली होती का? मी तरी केली नव्हती.

२० जून २०२०, ब्रायटन. कोविडनंतर नुकत्याच मॅच सुरू झालेल्या, तिथे पण रिकामं स्टेडियम बघा. लेनोचा गुडघा दुखावला, स्ट्रेचरवरून नेला, हा आत आला. सत्तावीस वर्षांचा. मग त्याने जागा सोडलीच नाही. १ ऑगस्टला इंग्लंडच्या एफए कपची फायनल, चेल्सीला २-१ ने हरवलं, शिट्टी झाल्यावर हा माणूस रडत होता. मी पण रडलो. महिन्याभरात लिव्हरपूलविरुद्ध कम्युनिटी शील्ड. मग त्याने क्लबला विचारलं की मी पहिला गोलकीपर आहे का, हमी मिळेना, तर गेला ऍस्टन व्हिलाला. दहा वर्षं थांबलेला माणूस त्या दिवशी नाही थांबला.

अर्जेंटिनासाठी पहिली मॅच ३ जून २०२१, चिलीविरुद्ध, वय २८. ते पण आधीचा गोलकीपर अर्मानी कोविडमध्ये अडकला म्हणून दार उघडलं. आणि महिन्याभराने ते कोलंबिया. मुलगी त्या स्पर्धेच्या काळातच जन्मली, तिला न बघता खेळत होता. मग ब्राझीलच्या मारकाना स्टेडियममध्ये कोपाची फायनल, दी मारियाचा गोल, १-०, अठ्ठावीस वर्षांनी ट्रॉफी.

मला म्हणायचंय की ज्याने दहा वर्षं तोंड मिटून दुसऱ्याचा खेळ बघितला, तो बोलायला लागल्यावर एवढा बोलतो ह्यात मला काही विचित्र वाटत नाही. त्याने सायकॉलॉजिस्टची मदत घेतो हे कितीतरी वेळा उघड सांगितलंय, २०२२ च्या वर्ल्ड कपला सौदीकडून पहिली मॅच हरल्यावर पण त्याच्याशी बोललो म्हणून. एवढा धिप्पाड, छाती काढून फिरणारा माणूस हे सांगतो. ही क्लिप भाच्याला दाखवा. नाच नंतर.

सायली_स्पॅनिशवाली

गनर_जुना, हे वाचून डोळे भरले हो. मीही लोनचं एवढं तपशिलात कधी बघितलं नव्हतं.

रोझारिओची_चाहती

मला पण आवडलं, आणि बाहुलीचं माझं मत बदललेलं नाही. दोन्ही एकाच माणसाचं आहे, काय करणार.

मध्यरात्रीचा_प्रेक्षक (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. माझा स्वतःचाच गोंधळ बराच निवळला. मी 'चाळे' म्हणून सगळं एका पोत्यात भरलं होतं, रोझारिओची_चाहती यांनी जी रेघ ओढली, मॅच चालू असतानाचं आणि मॅच संपल्यावरचं, ती मी पण धरणार आहे आता. वाढदिवसाचं वाचून तर काल रात्री बराच वेळ तेच डोक्यात होतं.

एक विचारायचंय, भाच्याला एकच सेव्ह दाखवायचा तर कुठला? मी २०२२ च्या फायनलमधला, फ्रान्सच्या कोलो मुआनीचा शॉट अडवलेलाच दाखवणार होतो.

काठावरचा_कीपर

तोच. १२० वर तिसरं मिनिट, ३-३, लांबून उंच आलेला बॉल, मागचे सगळे चुकले आणि कोलो मुआनी एकटा समोर. बघताना भाच्याला सांगा की बॉलकडे बघू नको, दिबूच्या पायांकडे बघ. तो आडवा पडत नाही. आडवा पडला असता तर बॉल वरून गेला असता. तो पुढे येतो, अंतर कमी करतो, मग हात पसरून डावा पाय लांब फेकतो, अंगाचा जेवढा भाग मध्ये आणता येईल तेवढा आणतो. बॉल त्या डाव्या पायाला लागतो. हँडबॉलचे गोलकीपर असं करतात. अर्जेंटिनात कितीतरी लोकांनी तो पाय आणि तो बॉल अंगावर गोंदवून घेतलाय, टॅटू म्हणून. त्या क्षणी तो एक शब्द बोलत नाही, नाचत नाही, काही नाही.

आणि जमलं तर त्याच वर्ल्ड कपच्या ऑस्ट्रेलियाच्या मॅचमधला शेवटच्या मिनिटाचा पण, त्यांचा अठरा वर्षांचा गरांग कुओल गोलसमोर, २-१ चालू आहे, बरोबरी झालीच होती. तो आठवत नाही लोकांना कारण त्यानंतर फार काही घडलं.

नव्वदचा_साक्षीदार

आणि २०२४ चा इक्वेडोर विसरू नका. मेस्सीची पहिलीच पेनल्टी बारवर आदळली, सगळ्यांचा श्वास अडकला, आणि ह्याने त्यांच्या पहिल्या दोन्ही अडवल्या, मेना आणि मिंदा. मेस्सीची चूक झाकणारा गोलकीपर आम्ही कधी बघितला नव्हता. नाच पण केला नंतर. तो नाच मला चालतो.

मध्यरात्रीचा_प्रेक्षक (धागाकर्ता)

अपडेट देतो. आज दुपारी भाच्याला घेऊन बसलो. कोलंबियाची शूटआऊट पूर्ण दाखवली, पहिल्या किकपासून, रील नाही. त्याला 'मिरा के ते कोमो' तोंडपाठ होतं, पण त्याच्या आधी किती वेळ जातो, मीना कसा खाली बघतो, दे पॉलची पेनल्टी बाहेर गेल्यावर अर्जेंटिनाची अवस्था काय होती, हे त्याने पहिल्यांदाच बघितलं. मग फायनलचा तो सेव्ह, पायांकडे बघ म्हणून सांगितलं, त्याने चार वेळा मागे घेऊन बघितला आणि चौथ्यांदा म्हणाला, "मामा, हा पडलाच नाही."

गनर_जुना यांची दहा वर्षांची गोष्ट पण सांगितली. लोन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. तो बराच वेळ गप्प होता, मग विचारलं की दहा वर्षं बेंचवर असताना तो पेनल्टीची प्रॅक्टिस कोणाबरोबर करायचा. मला उत्तर देता आलं नाही, इथे कोणाला ठाऊक असेल तर सांगा, त्याला खरंच हवंय.

आणि कोलंबियाच्या मॅचला त्याने सगळ्यात आधी काय विचारलं माहितीये? "स्टेडियममध्ये कोणीच का नाहीये?" २०२१ ला तो सात-आठ वर्षांचा होता, त्याला ते दिवस अर्धवटच आठवतात. मी सांगितलं. मग त्याने आवाज वाढवला आणि ती ओळ येईपर्यंत स्क्रीनला कान लावून बसला.